गच्चीवरचे नऊ कागद

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गच्ची झाडण्यासाठी वर गेले. नऊ वाजता प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस हवा मोजण्याचे यंत्र घेऊन येणार होता, आणि सरकारी कामासाठी कोणी घरी येणार असेल तर जागा झाडलेली, पुसलेली असावी, एवढाच साधा विचार त्यामागे होता. पौष महिना होता. खराटा, सुपली, पाण्याची बादली आणि पोतेरे घेऊन मी जिना चढले. हे मी इतक्या बारकाईने सांगते आहे, कारण पुढे जे घडले त्याची सुरुवात शोधायला बसले की दर वेळी त्या खराट्यापाशीच येऊन थांबते.

आमचे गाव टेंभुरखेडा, मेहकरहून सात किलोमीटर. मी एकोणीसशे सहासष्टची मॅट्रिक. गावच्या शाखा टपाल कार्यालयाचे काम मी एकोणतीस वर्षे पाहिले, आणि त्या काळात माझ्या हातून एकही टपाल चुकीच्या थैलीत गेले नाही. गाव अजूनही मला 'पोस्टातल्या बाई' म्हणते. अन्नपूर्णा हे नाव घेणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. गावाच्या पश्चिमेला टेकडी होती. होती असेच म्हणायला हवे. अकरा वर्षांपूर्वी तिच्या पायथ्याशी खडी फोडण्याचा क्रशर बसला. आज तिथे अर्धी टेकडी उभी आहे, आणि उरलेली अर्धी आमच्या छपरांवर, कडुनिंबाच्या पानांवर, मळलेल्या पिठात आणि माणसांच्या छातीत आहे.

माझा धाकटा भाऊ भाऊराव त्या क्रशरवर नऊ वर्षे दगड सारण्याच्या कामाला होता. त्याने लग्न केले नाही. तो माझ्यापाशीच राहत असे. लहानपणापासून त्याची एक सवय होती. घरात जे वाईट, करपलेले, टोचणारे असेल ते तो न बोलता स्वतःकडे ओढून घेई. करपलेली भाकरी त्याची, गळक्या छपराखालचे अंथरूण त्याचे. एकदा शेताच्या वाटेवर मधमाश्यांचे मोहोळ उठले, तेव्हा तो माझ्या अंगावर पालथा पडला आणि त्या सगळ्या माश्या त्याने आपल्या पाठीवर घेतल्या. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी बारा. शाळेत मात्र त्याचे मन कधी रमले नाही. कागद या वस्तूचा त्याच्या आयुष्याशी संबंध आलाच नाही.

मग त्याला धाप लागू लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडापुढे धरला आणि सांगितले, की दगडाची धूळ छातीत बसली आहे, ती आता निघत नाही. चौदा महिने मी त्याचे केले, रोज रात्री छातीला निलगिरीचे तेल चोळले. त्याला आडवे पडता येत नसे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून तो रात्रंदिवस खाटेवर बसून असे, आणि मी मनगटावरचे घड्याळ बघून त्याचे श्वास मोजत असे. मिनिटाला अडतीस. शेवटच्या आठवड्यात चव्वेचाळीस. आत घेताना कागद फाटल्यासारखा बारीक आवाज, मग एक थांबा, इतका लांब, की दर वेळी मला वाटे, संपले. त्या टाकीपाशीच तो गेला.

आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. दहाव्याच्या आदल्या रात्री त्या दिव्यापाशी ताटात पीठ चाळून पसरतात आणि वर टोपले पालथे घालतात. सकाळी वडीलधारी माणसे टोपले उचलून पाहतात. पिठावर पक्ष्याचा पंजा, खूर, कधी लहान मुलाचे पाऊल, जी खूण उमटली असेल तिच्यावरून गेलेला पुढे कुठे गेला ते कळते, अशी समजूत आहे. माझा या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आमच्या चुलत भावाची विधवा आशाबाई हिने हट्टाने ते सारे मांडले होते. आणि ज्या दिवशी यंत्र यायचे होते तोच नेमका दहावा होता.

यंत्र पुढे ढकला, असे भावकीने सुचवले होते. मी नकार दिला. सात वर्षांत मी अकरा अर्ज केले होते, तेव्हा कुठे तो आदेश निघाला होता. तीन दिवस हवा मोजायची. धूळ मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर क्रशर बंद करायचा, कमी निघाली तर त्याची परवानगी पाच वर्षांसाठी वाढवायची. मला घाई होती, आणि घाईचे कारण शेजारच्या घरात राहत होते.

शेजारी अब्दुल गनी यांचे घर. ते गाद्या भरण्याचे काम करतात. त्यांची पत्नी हुस्नबानो, आणि त्यांची एकुलती एक मुलगी आसमा. आसमा माझ्या ओट्यावर बाराखडी शिकली, बारावी झाली, आणि ब्लाउज शिवून घराला हातभार लावत होती. वय वर्षे एकवीस. गेल्या दिवाळीपासून तिचा खोकला वाढला होता. शिवणयंत्राचा आवाज मध्येच थांबे, खोकला ऐकू येई, मग पुन्हा यंत्र सुरू होई. आणि हे थांबणे दर महिन्याला लांबत चालले होते. बुलढाण्याचे तेच डॉक्टर तिला म्हणाले होते, की या हवेत आणखी एक वर्ष काढू नका. पण घर पाठीवर घेऊन कोणी जात नाही. जायचे असेल तर क्रशरनेच जायला हवे होते.

तर त्या सकाळी मी गच्ची झाडली. टाकीपाशी आले तेव्हा दिवा विझलेला होता. मी टोपले उचलून बाजूला ठेवले, ताटातले पीठ रात्रभर साचलेल्या राखाडी धुळीबरोबर सुपलीत लोटले आणि फरशी पुसून काढली. पिठाकडे मी पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही असेही नाही. झाडताना माझी नजर खराट्याच्या टोकावर असते.

सात वाजता आशाबाई वर आली. ओली फरशी पाहून ती जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"टोपलं कुठी हाय, बाई?"

मी म्हणाले, धुऊन वाळत ठेवले आहे.

"अन् पीठ?"

"झाडले."

ती हळूच खाली बसली. "पाह्यल्याबिगर?"

मी तिला समजावून सांगू लागले, की दहा वाजता पुरुषमंडळी नदीवर जातील, विधी होतील, पिठाने काही अडत नाही. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. तिचे डोळे टाकीवर होते.

"खूण पाह्यली का मंग तो मोकळा होते, बाई. त्यानं खूण देल्ली असन... अन् कोणी पाह्यलीच नाही. आता तो जाईन कसा? तो थांबून राह्यन, दाखवाले."

मी तिला खाली जाऊन चहा घ्यायला सांगितले.

नऊला अकील आला. मंडळाच्या कंत्राटावर यंत्रे चालवणारा, खामगावचा, तिशी उलटलेला, बोलका माणूस. यंत्र म्हणजे छातीएवढ्या उंचीची पत्र्याची उभी पेटी, वर उतरते छप्पर. छपराखाली चौकटीत एक पांढरा कागद बसवायचा. आतला पंखा बाहेरची हवा त्या कागदातून ओढून घेतो आणि धूळ कागदावर राहते. कागद काचेच्या तंतूंचा असतो, आणि आधी व नंतर, दोन्ही वेळा प्रयोगशाळेत मिलिग्रॅमपर्यंत तोलतात. वजनातला फरक ती धूळ. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन वेळा कागद बदलायचा. अकीलला त्याच तीन दिवसांत आणखी दोन गावांची यंत्रे सांभाळायची होती, म्हणून आमच्या यंत्राचे कागद बदलण्याची जबाबदारी त्याने सही घेऊन माझ्यावर सोपवली. कागद चिमट्याने धरायचा, धुळीची बाजू आत करून दुमडायचा, क्रमांकाच्या लिफाफ्यात घालायचा, वेळ आणि हवेचा दाब लिहायचा. मी त्याच्याकडून हे तीनदा करून घेतले आणि चौथ्यांदा स्वतः करून दाखवले. त्याच्या नोंदीतली एक चुकलेली तारीखही दुरुस्त करवून घेतली.

"बाई, तुमच्यासारखा साहेब आमच्या हापिसात असता नं," तो म्हणाला, "तं मी कवाचीच नोकरी सोडली असती."

भिंतीपासून दूर, मोकळी आणि विजेच्या बटणाजवळची अशी जागा गच्चीवर एकच होती. टाकीपाशी. ती मीच दाखवली.

दुपारी दोनला यंत्र सुरू झाले. पिठाच्या गिरणीसारखा, एका सुरातला घरघराट. क्रशर त्या दिवशी पूर्ण जोरात होता. पश्चिमेचा वारा होता. संध्याकाळपर्यंत माझ्या चष्म्यावर थर बसला, दोरीवरचे पांढरे लुगडे राखाडी झाले. मला समाधान वाटले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या धुळीचा राग आला नाही.

रात्री दहाला मी चौकट उघडली. कागद कोरा होता.

मी विजेरी जवळ धरून पाहिले. आठ तासांनंतर त्या कागदावर धुळीचा कणही नव्हता. मधोमध मात्र एक लांबट वाटोळा ओलसर डाग होता, साधारण तीन बोटे रुंद. कागदाला वास येत होता. ओल्या दगडाचा, आणि किंचित निलगिरीच्या तेलाचा. मी तो दुमडला, लिफाफ्यात घातला, वेळ लिहिली. दाबाचा काटा जिथे असायला हवा तिथेच होता.

सकाळी सहाचा कागदही तसाच निघाला. अकील नऊला आला, त्याने पंखा, नळी, काटा, सगळे तपासले आणि यंत्रात दोष नसल्याचे सांगितले. मग त्याने स्वतःचा धुतलेला रुमाल यंत्राशेजारी टाकीवर पसरला. तासाभरात रुमाल पाटीसारखा झाला. त्याच तासात, रुमालापासून हातभर अंतरावर, यंत्रातला कागद दुधासारखा पांढरा होता. अकील हसला, पण ते हसू त्याला पुरते जमले नाही. आतल्या डागावर त्याने बोट टेकवले आणि लगेच मागे घेतले.

"गरम हाय, बाई," तो म्हणाला.

त्याने दुसरा पंखा बसवला. कागदांची नवी पुडी उघडली. तिसरा कागद कोरा, चौथा कोरा, पाचवा कोरा. प्रत्येकावर मधोमध तो लांबट डाग. सहाव्या कागदाच्या वेळी मी तो उन्हात धरला आणि मला त्याचा आकार कळला. कोणी काचेला तोंड लावून श्वास सोडला तर काचेवर उमटतो, तसा.

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुस्नबानो आली. तिच्यामागे आसमा, भिंतीला धरत. हुस्नबानो माझ्यासमोर बसली आणि पदराच्या टोकाला बांधलेली एक पुडी तिने सोडून माझ्यापुढे ठेवली. तिच्या माळ्यावरची धूळ होती ती.

तिचे म्हणणे सरळ होते. धूळ खरी आहे, याच गावची आहे, याच हवेतून पडली आहे. कागदावर आपली आपण पडत नसेल तर माणसाने टाकावी. कोणावर खोटा आळ येणार नाही. मी सांगितले, की सही माझी आहे, आणि सहीखाली मी कधी खोटे लिहिलेले नाही.

"अम्मी, बाईले काऊन सांगून राह्यली," आसमा मध्येच म्हणाली. "बाई तसं करणार नाही. मले माहीत हाय." एवढे बोलून तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी जमिनीकडे पाहत बसलो.

हुस्नबानोने पुडी पुन्हा बांधली. उठताना ती म्हणाली, "तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, बाई. मह्या पोरीच्या मय्यतीले घेऊन या मंग."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहाला मी आठवा कागद काढला, नववा बसवला, आणि दुपारी दोनपर्यंत यंत्रासमोर बसून राहायचे ठरवले. चोर असेल तर दिसेल. मी खुर्ची घेतली, पाण्याचा तांब्या घेतला, घड्याळ काढून मांडीवर ठेवले.

अकरापर्यंत काही झाले नाही. मग वारा पडला. क्रशरचा धुरळा जागच्या जागी उभा राहिला आणि हळूहळू गावावर बसू लागला. सूर्य डोक्यावर होता, पण त्याचा तांब्याच्या ताटलीएवढा गोळा झाला होता. भर दुपारी गच्चीवर सावली पडत नव्हती. गावातून कसलाच आवाज येईना. कुत्रे नाही, भांडे नाही, शेजारचे शिवणयंत्रही नाही. फक्त यंत्राचा घरघराट, एका सुरात.

बाराला पाच मिनिटे असताना तो सूर मोडला.

आधी मला वाटले, वीज कमी-जास्त होते आहे. घरघर वाढली, आत ओढली गेली, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला, आणि सगळे थांबले. बराच वेळ थांबले. मग पुन्हा. मी घड्याळ उचलले. मी मोजले. मिनिटाला चव्वेचाळीस.

माझ्या समोरची धूळ हलत होती. हवेत उभी असलेली सगळी धूळ, टाकीवरची, कठड्यावरची, माझ्या लुगड्यावरची, बारीक धारेने त्या छपराखाली जात होती. आणि कागद पांढरा होता.

"भाऊ..." मी म्हणाले.

श्वास थांबला. मग त्या पत्र्याच्या पेटीतून, फार खोलातून, जसा तो शेवटच्या दिवसांत बोलत असे तसा, एकेक शब्द ओढत आवाज आला.

"ताई... तू खाली जाय... मी घेतो..."

मला भीती वाटली असे मी म्हणणार नाही. भीती नंतर आली. त्या क्षणी मला त्याच्या अंगावरच्या मधमाश्या आठवल्या आणि रडू आले. त्याचे काय चालले होते ते मला पूर्ण कळले. टेकडीवरून त्या पेटीच्या तोंडाशी येईल तेवढी धूळ तो आमच्यापर्यंत पोहोचण्याआधी आपल्या अंगावर घेत होता. आणि जिथे त्याने ती घ्यायला नको होती, नेमक्या त्या हातभर जागेत तो तिचा कण पडू देत नव्हता. त्या कागदावर काय ठरणार होते ते त्याला कोण सांगणार? कागद त्याला कधी कळलाच नव्हता.

मी सांगितले. शांतपणे, लहान मुलाला सांगावे तसे सांगितले, की भाऊ, तिथून बाजूला हो. धूळ या कागदावर पडू दे, मग क्रशर बंद होईल.

"नको... तुले लागन ते..."

मी पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा तेच म्हटले. दोन वाजायला आले होते. नऊपैकी आठ कागद कोरे गेले होते आणि नववा डोळ्यांदेखत कोरा चालला होता. माझा संयम सुटला. आयुष्यभर मी शब्द तोलून वापरला आहे, पण त्या वेळी तोलला नाही.

"कागदावरची घेऊन काय करतोस?" मी म्हणाले. "जी छातीत जाऊन बसली आहे ती कोण घेणार? त्या आसमाकडे बघ जरा."

पेटी गप्प झाली. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता. मग त्याने विचारले, अगदी हळू, जसा लहानपणी ताटातले उरलेले घेऊ का म्हणून विचारत असे:

"आसमीची बी घेऊ?"

"घेता येत असेल तर घे," मी म्हणाले.

"हाव," तो म्हणाला.

यंत्राचा सूर पुन्हा सरळ झाला. गिरणीसारखा. दोन वाजले. मी चौकट उघडली, कोरा कागद चिमट्याने उचलला, आणि मग टाकीच्या झाकणाखाली उरलेली धूळ बोटांनी गोळा करून त्यावर पसरली. हुस्नबानोची पुडी मी नाकारली होती. माझ्या हाताने मात्र तेच केले. कागद दुमडला, लिफाफा बंद केला, सही केली. अडीचला अकील येऊन यंत्र आणि लिफाफे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आसमाचा खोकला थांबला.

त्या घरातला आनंद मी कशाने सांगू? आठवडाभरात ती जिना चढून माझ्या गच्चीवर आली. शिवणयंत्र सलग चालू लागले. हुस्नबानो मलिदा घेऊन आली, माझे हात डोळ्यांना लावून माफी मागू लागली. कोणाची दुवा लागली म्हणावे, असे ती मलाच विचारत होती. मला वाटले, भाऊने ऐकले. कागद हातचा गेला तरी चालेल, पोर राहिली.

दीड महिन्याने अहवाल आला. अकील स्वतः घेऊन आला. आठ कागदांवर धूळ नगण्य. नववा कागद हिशेबातून वगळला होता, कारण प्रयोगशाळेतून निघताना त्याचे जे वजन होते त्यापेक्षा परत आल्यावर ते कमी भरले. लिफाफा बंद होता, सही शाबूत होती. आत धूळ नव्हती, आणि कागद मधोमध इतका विरला होता, की पलीकडचा माणूस दिसावा.

"तीनदा तोललं, बाई," अकील म्हणाला. "काटा बदलून तोललं. साहेबायचा बी इलाज नाही. कागद जे बोलते तेच लिहा लागते." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. क्रशरला पाच वर्षांची परवानगी मिळाली, आणि त्यांनी दोन पाळ्या सुरू केल्या.

आसमा तोवर बारीक होत चालली होती. खोकला नव्हता, ताप नव्हता. ती बोलायची, पण तिच्या बोलण्याला हवा नसे. वाक्याच्या मध्यावर शब्द विझत. ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि दोन-तीनदा तिचे नाव विचारून खात्री करून घेतली. इतकी स्वच्छ छाती या भागातल्या माणसाची मी पाहिलेली नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी अब्दुल गनींना बाहेर नेऊन सांगितले, की श्वास का पुरत नाही ते त्यांना कळत नाही.

होळीनंतर एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी तांदूळ निवडत होते.

"बाई... दुपारी कोणीतरी येते," ती म्हणाली. "तोंडापाशी बसते. आधी बरं वाटे. धूळ जाये, हलकं वाटे..."

"आणि आता?"

"आता धूळ उरलीच नाही नं, बाई... तरी थो घेऊनच राह्यला."

मी उठले आणि गच्चीवर गेले. टाकीपाशी उभी राहून मी त्याला हाक मारली, विनवले, रागावले, बस म्हणाले, पुरे म्हणाले. बारा वाजले, एक वाजला. कोणी उत्तर दिले नाही. यंत्र नव्हते, बोलायला त्याच्यापाशी आता तोंड नव्हते. मग मी आशाबाईकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला म्हणाले, की पीठ मांड, या वेळी मी पाहीन. तिने मांडले. पहाटे आम्ही दोघींनी मिळून टोपले उचलले. ताट रिकामे होते. चाटून पुसून घ्यावे तसे स्वच्छ. पिठाचा एक कण कडेलाही नव्हता. आशाबाईने टोपले खाली ठेवले आणि ती जिना उतरून गेली. त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही.

चैत्रात, भर दुपारी बारा वाजता, आसमा गेली. मी तिच्याजवळ होते. मी श्वास मोजत होते. मोजण्याशिवाय मला काही येत नव्हते. शेवटचा श्वास बाहेर आला आणि परत आत गेला नाही. तो जिथे गेला त्या दिशेने खोलीतल्या उन्हातले धुळीचे कण एका रेषेत हलले, एवढे मी पाहिले. हुस्नबानो माझ्याकडे पाहून काहीच म्हणाली नाही. ती काही बोलली असती तर बरे झाले असते.

मी हे सारे लिहून मंडळाला कळवावे असे मनात आले होते. कोरा कागद आणि दौत घेऊन मी बसलेही. पण बारावा अर्ज काय म्हणून करायचा? माझी हवा दूषित आहे म्हणून, की ती फार स्वच्छ झाली आहे म्हणून?

आता वैशाख लागला आहे. क्रशर दोन पाळ्यांत चालतो. सकाळी झाडलेली गच्ची दुपारपर्यंत राखाडी होते, पानांचा रंग ओळखू येत नाही. परवा गल्लीच्या टोकाचे गुलाबराव भेटले. क्रशरवर गाड्या भरून त्यांना दहा वर्षांचा खोकला जडला होता. तो एका रात्रीत थांबला, असे ते सांगत होते. काल अब्दुल गनी ओट्यावर आले. पोर गेल्यापासून ते बोलत नाहीत, पण काल म्हणाले, "बाई, अजीब हाय. मही खासी बंद झाली." लोक म्हणू लागले आहेत, की अहवाल खराच होता, हवा सुधारते आहे. एका घरात तर पेढे वाटले.

आज सकाळी मी घड्याळ घेऊन ओट्यावर बसले. सात ते आठ, पूर्ण एक तास. समोरून धुरळा गल्लीत उतरत होता, माणसे त्यातून जात-येत होती, चुली पेटत होत्या, लहान मुले शाळेच्या गणवेशात रांगेने गेली. मी नीट कान देऊन ऐकले.

त्या एका तासात आमच्या गल्लीत एकही माणूस खोकला नाही.